माणेकचोकला पहिल्यांदा जाताय? अहमदाबादच्या जुन्या शहरातल्या बाजाराची वाट

आमच्याकडे नाशिकहून पाहुणे आले की पहिला चहा संपायच्या आत प्रश्न येतो, "माणेकचोकला कधी नेतेस?" पूर्वी मी लगेच चपला घालायचे. आता आधी विचारते, "कशाला जायचंय? खायला, सोनं घ्यायला, की बस्ता बांधायला?" पाहुणे जरा दुखावतात. पण या प्रश्नाशिवाय निघालेल्या फेऱ्या कशा फसतात ते मी नऊ वर्षं बघते आहे, आणि पहिली फसलेली फेरी माझीच होती.

अहमदाबादला राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात, दुपारी चार वाजता, पोट मुद्दाम रिकामं ठेवून मी माणेकचोकात पोचले. रात्रभर चालणारी खाऊगल्ली म्हणून इतकं ऐकलं होतं! समोर काय, तर सराफांच्या पेढ्या, भांड्यांची दुकानं आणि एकमेकींना चिकटून लावलेल्या स्कूटी. एका पेढीच्या रखवालदाराला विचारलं तर तो माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघून म्हणाला, "रात्रे आवजो, बेन." शेवटी कोपऱ्यावर चहा-बिस्किट खाऊन परत आले.

तर खालच्या पायऱ्या घड्याळाच्या हिशेबाने लिहिल्या आहेत. जागा सापडायला फारशी अवघड नाही, वेळ चुकते.

## १. आधी काम ठरवा, मग वेळ

माणेकचोक हा एकच चौक दिवसातून तीनदा बदलतो. सकाळी दुकानांची शटर्स बंद असतात आणि इथे गाईंना चारा घालायची जुनी चाल आहे. अकराच्या सुमाराला पेढ्या उघडतात आणि संध्याकाळपर्यंत सोनं, चांदी, तांब्या-पितळेची भांडी, मुखवास यांचा बाजार चालतो. साडेआठ-नऊला शटर्स खाली आली की त्याच दुकानांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत तवे वाजत राहतात.

खरेदी करायची असेल तर सकाळी साडेअकरा ते दुपारी एक ही सगळ्यात बरी वेळ. दुकानदार ताजा असतो, गर्दी कमी असते आणि तागे उलगडून दाखवायचा कंटाळा कुणाला आलेला नसतो. संध्याकाळी पाच ते आठ तिथे धक्क्याने पुढे सरकावं लागतं. खायला जायचं असेल तर रात्री साडेनऊनंतर.

दोन्ही हवं असेल तर दोन फेऱ्या करा. सकाळी खरेदी, दुपारी घरी किंवा हॉटेलवर आराम, रात्री पुन्हा. "आलोच आहोत तर थांबू" म्हणून सहा तास पिशव्या सांभाळत बसणारे पाहुणे मी पाहिले आहेत. नऊ वाजेपर्यंत त्यांची भांडणं झालेली असतात.

इमारती बघायची हौस असेल तर आणखी लवकर उठा. महापालिकेची हेरिटेज वॉक १९९७ पासून चालू आहे. सकाळी आठच्या सुमाराला काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघते, पोळांमधून वाट काढत जामा मशिदीपाशी संपते. दोन-अडीच तासांची चाल आहे, आणि संपते ती बाजाराच्या तोंडाशी. तिथे नाश्ता उरका, तोवर दुकानं उघडतात.

(पोळ म्हणजे इथे गल्ली-वाडा-मोहल्ला यांचं मिश्रण: एका दरवाजाच्या आत दाटीने वसलेली घरं. आमची आत्या पहिल्यांदा "माणसं पोळात राहतात" हे ऐकून मोकाट बैलच शोधत होती.)

## २. वार आणि तिथी बघा

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात.

रविवारी सराफांच्या पेढ्या आणि कापडाची बहुतेक दुकानं बंद असतात. आपल्याला सुट्टी रविवारची, म्हणून आपण नेमके त्या दिवशी जातो. रविवारीच आला असाल तर एलिस ब्रिजखाली नदीकाठी भरणारा गुजरी बाजार बघा. सगळे त्याला रविवारी म्हणतात. जुनी लाकडी दारं, पितळी कड्या, जुनी पुस्तकं, शिलाई मशिनचे सुटे भाग, खाटा, काय वाटेल ते मिळतं. हा बाजार शहर वसवणाऱ्या अहमदशाहाच्या काळापासूनचा मानला जातो.

शुक्रवारी दुपारी जामा मशिदीत नमाजाची मोठी गर्दी असते. मशीद आतून बघायची असेल तर ती वेळ टाळा.

दिवाळीत यायचं असेल तर हे नीट वाचा. पाडव्याला गुजरातेत नवं वर्ष, बेसतुं वरस, सुरू होतं आणि त्यानंतर लाभपंचमीपर्यंत जुन्या शहरातला व्यापारी दुकान उघडत नाही. लाभपंचमीला मुहूर्त करून वह्या सुरू होतात. म्हणजे आपण भाऊबीज आटोपून निवांत सुट्टीवर येतो त्या दिवसांत इथे कुलपंच कुलपं. आमचे मामा-मामी मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आले होते. दोन दिवस साबरमती आश्रम आणि कांकरिया तलाव बघून गेले. बस्ता शेवटी येवल्याला बांधला.

आषाढी बीजेला, म्हणजे आपल्या आषाढ शुद्ध द्वितीयेला, जमालपूरच्या जगन्नाथ मंदिरातून रथयात्रा निघते आणि जुन्या शहरातून फिरते. त्या दिवशी रस्ते बंद. यात्रा बघायची असेल तर जरूर या, खरेदी विसरा. एप्रिल ते जूनमध्ये दुपारी बारानंतर बाहेर पडू नका. बेचाळीस-त्रेचाळीस अंश म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायला नको, पण पुणेकरांना सांगते.

## ३. पोचायचं कसं

मुंबई किंवा पुण्याहून येत असाल तर तिकिटावर शेवटचं स्टेशन कुठलं लिहिलंय ते आधी बघा. 'अहमदाबाद जंक्शन' म्हणजेच काळुपूर, आणि जुनं शहर त्याला लागूनच आहे. पण काही गाड्या साबरमतीला किंवा मणिनगरला संपतात. तिथून अंतर वाढतं आणि पहाटे रिक्षावाल्याचा आकडाही.

शहरातून यायला मेट्रो चांगली. वस्त्राल ते थलतेज मार्गिका जुन्या शहरात जमिनीखालून जाते. तिच्यावर काळुपूर, घीकांटा आणि शाहपूर ही तीन स्टेशनं आहेत. बाजारासाठी घीकांटाला उतरा, वर या आणि तीन दरवाजाची वाट विचारा. दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं. महापालिकेच्या लाल बसने आलात तर लाल दरवाजाला उतरायचं.

स्वतःची गाडी आणू नका. खरंच आणू नका. भद्रच्या किल्ल्याच्या आसपास जागा शोधण्यात तास जाईल.

रिक्षात बसताना पूर्ण नाव सांगा: "माणेकचोक, जूना शहेरमां". नुसतं "माणेक" ऐकून रिक्षावाले माणेकबागला नेतात, आणि ते नदीच्या पलीकडे, अगदी दुसऱ्या टोकाला आहे. हे माझ्या नणंदेच्या बाबतीत घडलंय, आणि ती फोनवर मला ठासून सांगत होती की इथे चौकच नाही.

## ४. बरोबर काय घ्याल

- पॅन कार्ड. दोन लाख रुपयांहून जास्त किमतीचं सोनं घेणार असाल तर सराफ मागणारच.
- आधार किंवा दुसरं ओळखपत्र, हॉटेलसाठी.
- शंभर आणि पन्नासच्या नोटा. यूपीआय सगळीकडे चालतं, पण पोळांच्या आत रेंज कधीकधी रुसते, आणि रस्त्यावर पथारी पसरून बसणाऱ्या, म्हणजे इथल्या भाषेत पाथरणावाळ्या, बाईला सुटे दिले तर भाव करणं सोपं जातं.
- ओढणी किंवा मोठा रुमाल. डोकं झाकायला, उन्हाला आणि धुळीलाही.
- पटकन काढता येतील अशा चपला. मशीद, मंदिर, गादीवाली दुकानं, चपला दहा वेळा काढाव्या लागतात.
- मॅचिंगसाठी कापडाचा तुकडा. मोबाइलमधल्या फोटोवर रंग जुळवू नका.
- खांद्याला आडवी लावायची, चेनची छोटी पर्स. पाठीवरची सॅक गर्दीत पोटावर घ्या.

एक वस्तू आणू नका. गुजरातेत दारूबंदी आहे आणि बाहेरगावच्या माणसालाही परवाना काढावा लागतो. बॅगेत विसरून राहिलेली बाटली ही इथे गंमत नसते.

## ५. लाल दरवाजाकडून चालत या

घीकांट्याहून आलात तरी एकदा भद्रपर्यंत मागे जाऊन तिथून सुरुवात करा. शहर जसं आखलं गेलं त्याच क्रमाने दिसतं, आणि अंतर किलोमीटरभरही नाही.

भद्रचा किल्ला १४११ चा. अहमदशाहाने साबरमतीकाठी शहर वसवलं तेव्हाचा. शहराभोवतीचा मोठा तट नंतरच्या सुलतानाने, महमूद बेगड्याने, उभारला. सुमारे दहा किलोमीटरचा परीघ, बारा दरवाजे. तट आता बहुतेक गेला, दरवाजे मात्र चौकाचौकांत वाहतुकीच्या मधोमध उभे आहेत, आणि दिल्ली दरवाजा, रायपूर दरवाजा, जमालपूर दरवाजा ही नावं रिक्षावाल्यांच्या तोंडी जिवंत आहेत. २०१७ मध्ये युनेस्कोने या तटाच्या आतल्या शहराला जागतिक वारसा नगरी ठरवलं. हा मान मिळालेलं भारतातलं हे पहिलं शहर.

किल्ल्यातल्या भद्रकालीचं दर्शन घ्या. मग समोरच्या मोकळ्या पटांगणातून पूर्वेकडे निघालात की तीन दरवाजा लागतो. एका ओळीत तीन कमानी. इथे मराठी माणसाने थांबायलाच हवं. १७५३ मध्ये राघोबादादा आणि दमाजी गायकवाडांनी हे शहर घेतलं. मधे ते हातचं गेलं, आणि १७५८ पासून पेशवे आणि गायकवाड असा दोघांचा अंमल बसला. मधली इंग्रजांची थोडी वर्षं सोडली तर तो १८१७ पर्यंत टिकला. गायकवाडांची हवेली रायखडमध्ये आजही आहे, पोलिसांच्या ताब्यात. तर १८१२ मध्ये चिमणाजी रघुनाथ या मराठा सुभेदाराने तीन दरवाजावर देवनागरीत एक हुकूम कोरून लावला: वडिलांच्या मालमत्तेत मुलीला तिचा हिस्सा विनातक्रार मिळावा. न मानणारा हिंदू असेल तर त्याने महादेवाला जाब द्यावा, मुसलमान असेल तर अल्लाला. मी प्रत्येक पाहुणीला इथे उभं करते. बहुतेकींचं लक्ष तोवर समोरच्या कानातल्यांकडे गेलेलं असतं.

याच दरवाजात कोनाड्यात एक दिवा तेवत असतो. त्याची गोष्ट अशी: शहर सोडून निघालेल्या लक्ष्मीला कोतवालाने इथे अडवलं, "राजाला विचारून येतो, तोवर थांब" असं वचन घेतलं, आणि ती कायमची थांबावी म्हणून परत आलाच नाही. अहमदाबादच्या व्यापाऱ्याला लक्ष्मी का सोडून जात नाही याचं उत्तर इथले लोक असं देतात.

पुढे पानकोर नाका, मग उजव्या हाताला जामा मशीद. १४२४ मध्ये पूर्ण झाली. आत दोनशे साठ खांब आणि पंधरा घुमट. एकेकाळी इथे हलते मिनार होते. १८१९ च्या भूकंपात त्यांचे वरचे भाग पडले. बाहेरच्या गोंगाटातून त्या अंगणात पाऊल टाकलं की कान एकदम मोकळे होतात. दहा मिनिटं तरी बसा.

मशिदीच्या पूर्वेकडच्या दाराने बाहेर पडलात की बादशाहनो हजीरो, म्हणजे अहमदशाहाची कबर. आतल्या दालनात बायकांना प्रवेश नाही, पुरुषांनी डोकं झाकायचं. रस्ता ओलांडला की राणीनो हजीरो, राण्यांच्या कबरी, आणि त्यांच्या भोवती बायकांचाच बाजार. हे बहुधा कुणी ठरवून केलेलं नसावं, पण जमलंय छान. तिथून वळलात की माणेकचोक.

चौकाचं नाव माणेकनाथ बाबांवरून पडलंय. त्यांचं छोटं मंदिर चौकातच आहे. कथा सांगते की तटाचं बांधकाम चालू असताना बाबा दिवसा गोधडी विणत आणि रात्री उसवत. गोधडी उसवली की दिवसभराची भिंत कोसळे. शेवटी सुलतानाने त्यांना गोड बोलून तांब्यात शिरून दाखवायला लावलं आणि तोंड बंद केलं. दिवसाचं रात्री उसवायचं हा या चौकाचा स्वभाव तेव्हापासूनचा दिसतो.

## ६. कापड: ढालगरवाड आणि रतनपोळ

लग्नाच्या साड्या, शालू, जरीकाम यांसाठी रतनपोळ. गांधी रोडवरून आत शिरायचं. मीटरने मिळणारं कापड, बांधणी, अजरख, ब्लॉक प्रिंट, मशरू यांसाठी तीन दरवाजाजवळचं ढालगरवाड. दोन्ही एकाच दिवशी करायचं म्हणाल तर पाय बोलतील. एक निवडा.

आत शिरल्यावर आधी विचारा, "रिटेलमां आपशो?" काही दुकानं फक्त ठोक विकतात. एका ओढणीसाठी अर्धा तास गादीवर बसून मग हे कळलं की दोघांचाही वेळ जातो. दुसरं, भाव ऐकायच्या आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. मीटरचा दर कमी आणि पन्हा छत्तीस इंच असेल तर ड्रेसला अर्धा-पाऊण मीटर जास्त लागतं, आणि स्वस्ताई तिथेच संपते. आपण चव्वेचाळीस इंची धरून चालतो.

आता पटोळा. या एका शब्दावर जितके मराठी पैसे ढालगरवाडात बुडाले असतील तितके रतनपोळेतही नसतील. खरा पाटणचा पटोळा दुहेरी इकत असतो: उभे आणि आडवे दोन्ही धागे आधी बांधून रंगवायचे आणि मग विणताना नक्षी तंतोतंत जुळवायची. एका साडीला महिनोन् महिने लागतात आणि किंमत लाखांत जाते. तो हवा असेल तर सव्वाशे किलोमीटरवर पाटणला जा, विणकरांच्या घरी बघा. बाजारात काही हजारांत मिळतो तो राजकोटी, एकेरी इकत, ज्यात फक्त आडवा धागा रंगवलेला असतो. तोही सुरेखच असतो, राजकोटी म्हणून घेतला तर काही बिघडत नाही. त्याखाली येतो नुसता छापील.

ओळखायची रीत सोपी आहे. कापड उलटं करा. छापील असेल तर मागची बाजू फिकी असते. इकत दोन्हीकडून सारखं दिसतं, आणि नक्षीच्या कडा किंचित थरथरलेल्या, पिसासारख्या असतात. कडेचा एक धागा काढून बघा. एकाच धाग्यावर तुकड्यातुकड्याने वेगळे रंग असतील तर ते इकत. मी हे शिकले ते चौदाशे रुपयांची "असली पटोळा" ओढणी पहिल्याच धुण्यात नवऱ्याच्या दोन पांढऱ्या शर्टांसकट लाल झाली तेव्हा.

बांधणीचंही तसंच. खऱ्या बांधणीत प्रत्येक ठिपक्याला गाठ मारलेली असते, म्हणून कापड चुरगळलेलं, फुगीर लागतं. इस्त्री करून सपाट मांडलेली बांधणी दिसली तर हात लावून बघा. काही दुकानदार दोरा न सोडलेली, आखडलेली बांधणी दाखवतात आणि घेतल्यावर तुमच्यासमोर झटक्यात उलगडतात. तो तडतड आवाज ऐकण्यासारखा असतो. पण उलगडायच्या आधी पैसे देऊ नका, आत डाग निघू शकतो.

मशरू मात्र नक्की बघा. वरून रेशीम, अंगाला लागतं ते सूत. आपल्या औरंगाबादच्या हिमरूची आठवण येते. शिवायला दिलं की शिंपी वैतागतो, एवढं मनाशी धरून घ्या.

## ७. सोनं

इथे मी थोडक्यात सांगते, कारण सोन्याचे नियम देशभर सारखेच आहेत आणि इथला सराफ आपल्याहून हुशार आहे.

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळखक्रमांक, असावाच लागतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो घालून दुकानातच तपासा. सराफ रागवत नाही, इथे सगळेच तपासतात. घडणावळीला इथे घडामण म्हणतात. सोन्याचा दर सगळीकडे जवळजवळ एकच असतो, फरक घडामणीत, म्हणून घासाघीस तिच्यावरच करा. कुंदन किंवा खडे असतील तर खड्यांचं वजन वगळून निव्वळ सोन्याचं वजन बिलावर वेगळं लिहून घ्या. त्यावर तीन टक्के जीएसटी. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कायद्याने घेता येत नाही, तेव्हा "कॅशमां करी आपीए" असं कुणी म्हणालं तर उठा.

आपल्या पद्धतीची ठुशी, तन्मणी, मोहनमाळ इथे शोधू नका. ते नाशिकच्या सराफ बाजारात. इथे चांदी बघा.

## ८. राणीनो हजीरो: बोलायचं कसं

चनियाचोळी, ऑक्सिडाइज्ड दागिने, आरशाकामाचे पट्टे, बांगड्या, मुखवास. नवरात्रीच्या आधी महिनाभर इथे उभं राहायला जागा नसते. भाव करायचा तो इथे. 'एक ज भाव' अशी पाटी असेल तर वाद घालू नका, ती पाटी बहुधा खरी असते. पाटी नसेल तर मोकळे आहात.

हिंदी चालते. पण "भाई, केटला?" असं विचारलंत तर पहिला आकडाच खाली येतो, हा माझा अनुभव. एवढे शब्द पुरे:

"केटला?" म्हणजे कितीला. "थोडुं ओछुं करो" म्हणजे थोडं कमी करा. "छेल्लो भाव?" म्हणजे शेवटचा भाव. "मोंघुं छे" म्हणजे महाग आहे. आणि सगळ्यात कामाचं, "चालशे".

आकड्यांत आपली सोय आहे: दोढसो म्हणजे दीडशे, अढीसो म्हणजे अडीचशे. फक्त बसो म्हणजे दोनशे. माझ्या आत्याने दुकानदाराचं "बसो" ऐकून "नको, उभीच बरी आहे" असं सांगितलं होतं, आणि ओढणीचा भाव तिला शेवटपर्यंत कळला नाही. पाट्यांवरचे गुजराती आकडे बहुतेक आपल्यासारखेच, पण पाचाचा आकडा आपल्या 'प'सारखा दिसतो. शंका आली तर कॅल्क्युलेटर पुढे करा.

भाजी घेऊन रस्त्याकडेला बसलेल्या बायका दिसतील. त्यांच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने इथल्या भाजीवाल्यांच्या बसायच्या जागेसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला होता. ती टोपलीएवढी जागा फुकट मिळालेली नाही.

पुस्तकवेड्यांसाठी एक आडवाट: गांधी रोडने आणखी पूर्वेला फर्नांडिस पुलाखाली वह्या-पुस्तकांचा बाजार आहे. व्यापाऱ्यांच्या लाल कापडी बांधणीच्या चोपड्या तिथे अजून मिळतात. मी वाणसामानाच्या हिशेबाला वापरते.

## ९. रात्रीचं खाणं

निघण्याआधी चौकशी करा. रस्त्याचं किंवा गटाराचं काम निघालं की खाऊगल्ली काही दिवस बंद असते.

चौकात शिरताच मेनूकार्ड हलवत चार जण धावून येतील. घाबरू नका, पण लगेच बसूही नका. खुर्ची ज्या गाडीची त्याच गाडीवरून मागवायचं, असा इथला कायदा. म्हणून आधी एक फेरी मारा, कुठे काय तळलं-भाजलं जातंय ते बघा, मग बसा. चौघं असाल तर एकेक पदार्थ एकच मागवा आणि वाटून खा.

घूघरा सॅन्डविच घ्या: कांदा, ढोबळी मिरची, हिरवी मिरची, भरपूर चीज, शेकून कडक केलेलं. ग्वालिया डोसा घ्या, पण त्यात डोसा शोधू नका. चीज, पनीर, सुकामेवा यांना एकत्र ठेवायला तो असतो. भाजीपाव म्हणजे आपली पावभाजी, शब्द उलटा आणि बटर दुप्पट. 'जैन' सांगितलंत तर कांदा-बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची मिळते, आणि ती खरंच चांगली लागते. चॉकलेट सॅन्डविच आणि पाइनॅपल सॅन्डविच मुलांना द्या. मी एकदा खाल्लं, पुरे झालं. शेवटी कुल्फी.

माणेकचोक पूर्ण शाकाहारी आहे. मांसाहार करणाऱ्यांनी तीन दरवाजाजवळच्या भठियार गलीत जावं. रमजानच्या रात्री तिथे चौकाइतकीच वर्दळ असते.

पाणी बाटलीबंदच घ्या आणि सील बघा. चटणीचं पोटाशी जमत नसेल तर नुसतं शेकलेलं खा. तिखट हवं असेल तर दोनदा सांगा, नाहीतर सगळ्यात किंचित साखर येणारच.

## १०. परत निघताना

रात्री बारा-एकला मेट्रो नसते, तिच्या भरवशावर राहू नका. रिक्षा मिळतात, पण चौकाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जास्त मागतात. खमासा चौकीच्या बाजूला पाच मिनिटं चालत जा आणि मीटरने चलणार का विचारा. ॲपवरून बोलावणार असाल तर 'माणेकचोक' टाकू नका, गाडी आत येऊच शकत नाही. मोठ्या रस्त्यावरचं ठिकाण द्या.

बिलं एका पाकिटात, कापड आणि खाणं वेगवेगळ्या पिशव्यांत. विशेषतः मुखवास. तो चाखून घ्यायचा, पावशेरच घ्यायचा, आणि पुडी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गाठ मारून ठेवायची. आत्याची पुडी गाडीत सुरतेच्या आसपास लग्नाच्या शालूवरच फुटली होती. त्या लग्नाला आता चार वर्षं झाली, पण शालू बाहेर काढला की अजून बडीशेपेचा वास येतो.